लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण आणि उधारीची वही

कीटकनाशकाच्या ज्या डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा लाल किंवा पिवळा त्रिकोण छापलेला असतो तो डबा आमच्या घरी विकत आणला जात नाही, आणि ज्या कृषी केंद्रातून माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमचे बियाणे, खत आणि औषध येत असे, त्या केंद्रातून आम्ही 2018 च्या खरिपापासून काहीही घेतलेले नाही. हा निर्णय कोणत्याही संघटनेच्या हाकेवरून झाला नाही. तो आमच्या घरातील माणसांनी स्वयंपाकघरात बसून घेतला. तो प्रत्यक्षात आणताना जो काळ गेला, जे पैसे लागले आणि जे बोलणे ऐकावे लागले, त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. अमुक वस्तू घेऊ नका असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण खेड्यात राहून, उधारीवर शेती करत असताना एखादी वस्तू आणि एखादे दुकान नाकारायचे कसे, हे सांगणारे आम्हाला त्या वेळी कोणी भेटले नव्हते.

आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यातील एका आडवळणाच्या गावात आहे. जमीन काळी पण कोरडवाहू. मुख्य पीक कापूस, त्यात तुरीच्या ओळी आणि धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, थोडी ज्वारी. 2017 च्या पावसाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, आणि 2006 पासून वापरात असलेल्या दुसऱ्या पिढीच्या बीटी वाणांना, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या वाणांना, गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. पूर्वी रसशोषक किडींपुरत्या होणाऱ्या फवारण्या त्यामुळे वाढत गेल्या. पाठीवर पंप घेऊन उंच झाडांच्या ओळीतून चालणाऱ्या माणसाच्या तोंडासमोरच फवारा उडत होता, आणि भादव्याच्या दमट उन्हात तोंडाला बांधलेला दुपट्टा थोड्याच वेळात औषधाने ओला होऊन नाकाशी चिकटत होता. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. माझे धाकटे दीर त्या शेकडोंपैकी एक होते.

संध्याकाळी ते वावरातून घरी आले तेव्हा त्यांना समोरचा माणूस नीट दिसत नव्हता. घामाने अंगरखा चिंब झाला होता, उलट्या थांबत नव्हत्या, आणि बोलताना जीभ जड पडत होती. आम्ही रात्रीच गाडी करून त्यांना यवतमाळला नेले. तेथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कोणते औषध फवारले हा. त्या प्रश्नाचे महत्त्व मला तेथेच कळले. ऑर्गनोफॉस्फरस गटातील विष असेल तर ॲट्रोपिन हे प्रतिविष देतात. इतर अनेक कीटकनाशकांवर असे नेमके प्रतिविष नसते आणि लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. कृषी केंद्राच्या मालकाने भाऊजींना दोन डबे आणि एक पुडी दिली होती आणि तिन्ही एकत्र करून मारायला सांगितले होते. डबे दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर सापडले. पुडीचे पाकीट सापडले नाही. माझ्या पतींनी रात्रीच मालकाला फोन केला, तेव्हा आपल्याला आठवत नाही असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले, तेव्हा वहीत फक्त रकमेचा आकडा होता. त्यांनी पक्के बिल मागितले. काही दिवसांनी बिल मिळाले, पण त्यावर लिहिलेली औषधे धुऱ्यावर सापडलेल्या डब्यांशी जुळत नव्हती.

भाऊजी वाचले. दिवाळीपर्यंत त्यांची नजर धुरकट होती आणि पुढचे कित्येक महिने चालताना पाय भरून येत असत. आजही औषधाचा वास आला की ते तेथून उठून जातात. पण आमच्या मनातून जी गोष्ट गेली नाही ती त्या बिलाची. विष तर गावोगावची सगळीच दुकाने विकत होती. खाटेवर पडलेल्या माणसाच्या पोटात आणि रक्तात काय गेले आहे हे सांगण्याची वेळ आली तेव्हा ज्याने ते हातात दिले त्याने तोंड फिरवले, आणि नंतर स्वतःला वाचवण्यासाठी खोटा कागद दिला, हे आमच्या सासूबाईंना सहन झाले नाही. बहिष्काराची भाषा त्यांनीच प्रथम केली. "आता त्याच्या दुकानाची पायरी या घरातलं कोनी चढायचं नाही," असे त्या म्हणाल्या, आणि भाऊजी घरी आल्यावर त्यांनी तेच पुन्हा सर्वांसमोर सांगितले.

शासनानेही त्या सुमारास पाऊल उचलले. नोव्हेंबर 2017 मध्ये राज्य शासनाने यवतमाळसह विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला तेव्हा दिलेला अधिकार थोड्याच मुदतीचा होता. बंदी आली त्या वेळी फवारणीचा मुख्य काळ उलटून गेला होता, आणि मुदत संपल्यावर पुढच्या हंगामात काय होणार हे सर्वांना दिसत होते. साठ दिवसांनंतर काय करायचे ते प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे, अशी ती परिस्थिती होती, आणि आम्ही ते ठरवले.

काय नाकारायचे हे नेमके ठरवणे आवश्यक होते, कारण रासायनिक औषध मुळीच घ्यायचे नाही असे म्हटले असते तर कापसाच्या शेतीत तो निश्चय श्रावणही पाहू शकला नसता. डब्यावरचे त्रिकोण मी त्या हिवाळ्यात प्रथमच नीट समजून घेतले. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. लाल गटातील मोनोक्रोटोफॉस हे औषध आमच्याकडे कापसावर सर्रास मारले जात होते. भाजीपाल्यावर त्याचा वापर 2005 पासूनच बंद होता, आणि बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये शाळेतील माध्यान्ह भोजनातून 23 मुले दगावली, ती याच औषधाच्या विषबाधेने. हे वाचल्यावर आमच्या घरात पुढे चर्चा उरली नाही. लाल आणि पिवळा पूर्ण बंद. निळा किंवा हिरवा, तोही किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा पिकाचे नुकसान जास्त होईल इतकी कीड वाढली, तरच. आणि एका वेळी पंपात एकच औषध. हा नियम धाकट्या पुतण्याने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून कोठीच्या दारावर चिकटवला.

खरी अडचण पुढे आली. ज्या दुकानाची पायरी चढायची नव्हती त्याच दुकानाच्या वहीत आमचे नाव होते. विदर्भातील कास्तकाराला हे समजावून सांगावे लागत नाही, पण शहरातील वाचकांसाठी सांगते. जूनमध्ये हातात पैसा नसतो. बियाणे, खत आणि औषध कृषी केंद्रातून उधारीवर उचलायचे, रोखीच्या भावापेक्षा जास्त भाव मुकाट्याने मान्य करायचा, आणि दिवाळीनंतर कापूस निघाला की हिशेब करायचा, अशी ती पद्धत आहे. अनेक ठिकाणी तोच दुकानदार कापूसही घेतो, आणि उधारी कापून उरलेला चुकारा हातावर ठेवतो. अशा माणसाचे औषध नाकारणे म्हणजे त्याच क्षणी जुनी उधारी मागितली जाणे, आणि पुढच्या पेरणीला बियाण्याची सोय नसणे. मनात कितीही चीड असली तरी ज्याच्याकडे आपले देणे आहे त्याच्या दुकानावर बहिष्कार घालता येत नाही, हे आम्हाला त्या हिवाळ्यात उमगले.

म्हणून पहिले काम उधारी फेडण्याचे झाले. त्या वर्षीचा कापूस बोंडअळीने निम्मा खाल्ला होता आणि दवाखान्याचा खर्च वेगळा होता. मी ज्या बचत गटात आहे त्या गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने कर्ज काढले. सासूबाईंनी आपली पुतळ्यांची माळ मोडली. ती मोडताना त्यांच्या चेहऱ्यावर मी जे समाधान पाहिले ते मला आजही बळ देते. उरलेल्या रकमेसाठी तुरीचे पीक थांबवून न ठेवता मिळेल त्या भावाने विकले, आणि त्यात नुकसानही झाले. मार्च उजाडला तेव्हा वहीवर रेघ मारून घेतली आणि सही केलेली पावती आणली. मालकाने पावती देताना विचारले, "काऊन भाऊ, आता येनं बंद का?" माझ्या पतींनी शांतपणे कारण सांगितले. बिलाचेही सांगितले. मालक काही बोलला नाही, पण नंतर गावात असे पसरले की आम्ही त्याच्यावर विषप्रयोगाचा आळ घेतला. असे आम्ही कधीही म्हटले नव्हते.

पुढच्या पेरणीसाठी राष्ट्रीयीकृत बँकेतून पीक कर्ज घेतले. त्याची कागदपत्रे, सातबारा, देणे बाकी नसल्याचे बेबाकी दाखले यांत उन्हाळा गेला. ते वेळेवर मिळाले म्हणून आमचा निश्चय टिकला. ज्यांना मिळत नाही त्यांना नाकारण्याचा हक्कच उरत नाही. सावकारीचा फास पुष्कळदा सांगितला जातो. परंतु कृषी केंद्राची उधारी हाही तसाच एक फास आहे, आणि आपण कोणते विष हातात घ्यायचे हे त्या उधारीतून ठरते, हे क्वचितच कोणी लिहिते.

आता औषधाच्या जागी काय, हा प्रश्न. जून महिन्यात कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि पहिल्या पावसात तो मातीत जातो. त्या वर्षीपासून आम्ही तो वेचू लागलो. निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवायच्या, श्रावणापर्यंत पोत्यात जपायच्या, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या. 100 लिटर फवारणीला 5 किलो निंबोळी चूर्ण आणि 200 ग्रॅम साबणचुरा हे पाच टक्के अर्काचे प्रमाण कृषी विभाग सांगतो. एकरी 200 लिटर पाणी धरले तर एका फवारणीला एकरी 10 किलो चूर्ण लागते. ऐकताना हे सोपे वाटते, पण ते कुटण्याचे आणि गाळण्याचे काम घरातील बायकांच्या वाट्याला येते. नीट गाळले नाही तर पंपाचे नोझल पुन्हा पुन्हा तुंबते. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, परंतु वस्तू नाकारली की तिच्या जागी कोणाचे तरी श्रम येतात आणि ते कोणाचे येतात हे आधीच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे दुसऱ्या वर्षापासून कुटण्याचे काम पुरुषांनी घेतले.

बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावले. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर नियंत्रणाचे उपाय सुरू करायचे, ही मर्यादा भाऊजींनी पाठ केली आहे. फुले लागली की गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या शोधून तोडायच्या आणि अळीसह नष्ट करायच्या. हे काम ते स्वतः करतात. पंप पाठीवर न घेताही आपण पीक राखू शकतो याचा त्यांना जो आनंद आहे तो त्यांच्या बोलण्यातून जाणवतो. सगळ्यांत जड गेले ते फरदड सोडणे. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवून पुन्हा पाणी आणि खत देऊन थोडा कापूस काढणे ही आमच्या भागातील जुनी सवय, पण त्या उभ्या झाडांवर बोंडअळीचे जीवनचक्र चालू राहते आणि पुढच्या वर्षीचा प्रादुर्भाव आधीच तयार होतो. आम्ही डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटू लागलो. शेजारच्या वावरात मात्र फरदड उभीच राहते, आणि अळीला धुरा कळत नाही. एका घराने केलेल्या निश्चयाची मर्यादा मला येथे दरवर्षी दिसते.

पहिल्या वर्षी एकरी उतारा घटला. खर्चही घटला, परंतु बाजारात मापाच्या काट्यावर दिसतो तो उतारा, आणि गावात बोलले जाते ते त्याविषयी. माझ्या पतींना पारावर टोमणे ऐकावे लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी उतारा बऱ्यापैकी सावरला. दोनदा निळ्या त्रिकोणाचे औषध घ्यावे लागले. ते नियमात बसत होते, भाऊजी त्या दिवशी वावरात गेले नाहीत, आणि फवारणी सकाळी वाऱ्याची दिशा पाहून, हातमोजे आणि चष्मा घालून माझ्या पतींनी केली.

तालुक्याच्या गावी जे नवे दुकान धरले तेथे वेगळाच अनुभव आला. डीएपी या खताची 50 किलोची पिशवी छापील 1350 रुपयांना मिळायला हवी होती. मालकाने तिच्यासोबत द्रवरूप खताची बाटली आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पाकीट घेण्याचा आग्रह धरला. यालाच सगळीकडे लिंकिंग म्हणतात, आणि खत नियंत्रण आदेश, 1985 च्या विरुद्ध असूनही ते उघड चालते. खताच्या विक्रीची नोंद करणाऱ्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावूनही बाटली घेतल्याशिवाय पिशवी मिळेना. आम्ही पिशवी न घेता परतलो आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला. त्यानंतर त्या दुकानात जो बाटली नको म्हणतो त्याला नुसती पिशवी मिळू लागली. जो बोलत नाही त्याला मात्र आजही बाटली मिळते. आम्ही सध्या खत शेतकरी उत्पादक कंपनीकडून घेतो, आणि प्रत्येक खरेदीचे छापील बिल कोठीत फाईल करून ठेवतो. बिलाचा हा आग्रह 2017 पासून आमच्या घरात इतका मुरला आहे की सासूबाई किराण्याचेही बिल मागतात.

जुन्या दुकानदाराशी आमचे माणूस म्हणून असलेले संबंध काय झाले, हे सांगणे मला आवश्यक वाटते. त्याच्या घरचे लग्न झाले तेव्हा आम्ही गेलो आणि आहेर केला. त्याची पत्नी संक्रांतीला आमच्याकडे वाणाला येते. त्याच्या आईच्या निधनानंतर सासूबाई सर्वांत आधी पोहोचल्या. गावात काहींना हे विसंगत वाटते. परंतु माल नाकारणे आणि माणूस नाकारणे या दोन गोष्टींत आम्ही जाणीवपूर्वक अंतर ठेवले आहे. माणसांना वाळीत टाकण्याचा, त्यांचे पाणी आणि किराणा बंद करण्याचा इतिहास आपल्या खेड्यांना आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. बळ असलेल्यांनी बळ नसलेल्यांवर घातलेला तो बहिष्कार आणि ग्राहकाने आपल्या पैशापुरता घेतलेला निर्णय यांची सरमिसळ झाली तर आमच्यासारख्यांचा निर्णयही कलंकित होईल.

या गोष्टीचे भान मला आमच्या बचत गटातील एका बौद्ध मैत्रिणीने दिले. मी गटाच्या बैठकीत आमच्या दुकानाचे सांगत होते, तेव्हा ती म्हणाली की फाट्यावरच्या एका चहाच्या टपरीवर तिने जन्मात चहा घेतलेला नाही. तिच्या वडिलांना त्या टपरीवर वेगळ्या कपात चहा मिळत असे, आणि तो कप स्वतः विसळून बाहेर कोनाड्यात ठेवावा लागत असे. वडिलांनी एक दिवस तो कप ठेवला आणि परत कधी उचलला नाही. आता टपरीवर नातू बसतो, सर्वांना एकाच प्रकारच्या कागदी कपात चहा देतो, आणि तो पोरगा चांगला आहे असेही ती सांगते. तरी ती तेथे थांबत नाही. एसटीला उशीर असला तरी उन्हात उभी राहते. "माह्या बापानं सोडलं ते मी कशाले धरू?" असे ती म्हणाली. तिच्या या वाक्यापुढे त्या बैठकीत कोणी काही बोलले नाही, आणि आमच्या निश्चयापेक्षा तिचा निश्चय किती जुना आणि किती एकाकी आहे हे मला समजले.

त्यानंतर मी लक्ष देऊन ऐकू लागले, तेव्हा गावातील कितीतरी घरांत असा एखादा अबोल निश्चय आहे असे आढळले. आमच्या आळीतील एक बाई गावातल्या किराण्यातून मिठाची पुडीसुद्धा घेत नाही, कारण त्या दुकानाच्या मागच्या दाराने दारू विकली जात असे आणि तिच्या नवऱ्याने तिचे जोडवे तेथेच दिले होते. ती आठवडी बाजारातून सगळे आणते आणि ओझे डोक्यावर घेऊन चालत येते. एक वयोवृद्ध गृहस्थ आयुष्यभर खादीशिवाय दुसरे कापड घेत नाहीत. त्यांचे बालपण वर्ध्याकडे गेले. आईने चरख्यावर सूत कातून आलेल्या पैशांवर त्यांची शाळा झाली. गोपुरीला 1934 साली विनोबांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या ग्राम सेवा मंडळातून ते अजूनही धोतरजोडी मागवतात. कापूस पिकवणाऱ्या गावात सगळ्यांच्या अंगावर पॉलिस्टर पाहून त्यांना मनापासून वाईट वाटते, पण दुसऱ्याला ते कधी बोल लावत नाहीत.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे, आणि मला ती मोलाची वाटते. यांच्यापैकी कोणीही आपल्या न घेण्याने दुकान बंद पडेल या आशेवर थांबलेले नाही. आम्हाला मात्र हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कृषी सहायकापासून माझ्या माहेरच्या भावापर्यंत सर्वांनी विचारले आहे की तुम्ही एक डबा घेतला नाही तर कंपनीचे काय बिघडते. कंपनीचे काही बिघडत नाही हे खरे आहे. केंद्र शासनाने 2023 च्या सप्टेंबरमध्ये मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रवरूपावर बंदीचा आदेश काढला, तो आमच्यासारख्यांच्या नकारामुळे निघालेला नाही; त्यामागे तज्ज्ञ समित्यांचे आणि न्यायालयात लढणाऱ्यांचे दीर्घ काम आहे, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु 2018 ते 2023 या काळात आमच्या वावरात जी माणसे रोजाने आली, त्यांच्या अंगावर ते औषध उडाले नाही. त्यांची नावे मला माहीत आहेत, आणि माझ्यासाठी हिशेब तेवढ्या माणसांचा आहे. फवारणीला येणाऱ्या तांड्यावरच्या दोन मुलांनी पुढे दुसऱ्यांच्या वावरातही डब्याचा त्रिकोण पाहूनच पंप उचलण्याची अट घातली. त्यांना काही ठिकाणी काम मिळाले नाही, तेव्हा आम्ही आणि आणखी तीन घरांनी त्यांना डोमकळ्या तोडण्याचे काम दिले. ही गोष्ट मी अभिमानाने सांगते.

आमचा नियम जेथे अपुरा पडतो ते क्षेत्रही सांगायला हवे. बियाणे अजून बीटीचेच आहे. साध्या, सरळ वाणाचे चांगले बियाणे हवे तेव्हा आणि हवे तितके आमच्या बाजारात मिळत नाही, आणि बहुतेक सर्वत्र बीटी पेरले जात असताना एकट्याने वेगळा वाण लावला तर हिरवी बोंडअळी कोठे उतरेल याची धास्ती माझ्या पतींना आहे. ती अनाठायी नाही.

तणनाशकाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. कपाशीत वापरले जाणारे निवडक तणनाशक निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचे असते, म्हणजे कोठीच्या दारावरचा नियम त्याला अडवत नाही. पण आमच्या गटातील निम्म्याहून अधिक बायका निंदणाच्या रोजावर आषाढ-श्रावण काढतात, आणि ज्या वावरात तणनाशक जाते तेथे त्यांचा रोज जातो. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर ऑक्टोबर 2022 पासून केवळ परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित झाला असला, तरी इतर तणनाशके दरवर्षी अधिकाधिक वावरांत पोहोचत आहेत. माझे म्हणणे असे की तेही सोडावे. माझे पती म्हणतात की झडीच्या पावसात आठवडाभर वावरात पाय ठेवता येत नाही, तण पऱ्हाटीच्या वर जाते, आणि नंतर निंदणाला एकाच वेळी सगळ्या गावाला बाया हव्या असतात. दोघांचेही खरे आहे, म्हणून हा वाद दोन खरिपांपासून आमच्या घरात चालू आहे. या वर्षापुरते असे ठरले आहे की नाल्याकडच्या दोन एकरांत डवरणी, म्हणजे बैलांच्या डवऱ्याने ओळींमधले तण काढणे, आणि निंदण यांवरच पीक काढायचे, उरलेल्या वावरात सुरुवातीला तणनाशक घ्यायचे आणि पुढचे निंदण बायांकडूनच करून घ्यायचे, आणि दोन्हीकडचा खर्च वेगवेगळा लिहून ठेवायचा. निंदणाच्या मजुरीसाठी लागणारी रक्कम मी जूनच्या बैठकीत बचत गटातून उचलणार आहे, आणि त्या दोन एकरांत कोणी यायचे ते गटातील बायांनी आधीच आपापसांत ठरवले आहे.